मोटार का जळते? दाब, प्रवाह आणि रोध यांचा बागायतदारासाठी सोपा हिशेब

बियाणे आपण तोलून घेतो, खत मापून टाकतो आणि पाण्याची पाळी दिवस मोजून देतो. परंतु ज्या विजेच्या बळावर हे पाणी विहिरीतून वाफ्यापर्यंत येते, ती वीज मात्र आपण क्वचितच मोजतो. महिन्याअखेर बिल येते, तेवढाच काय तो आपला आणि तिचा संबंध. मोटार घुमू लागली, की 'लाइट डिम आहे' असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. मोटार जळाली, की ती भरण्यास टाकतो आणि पुन्हा त्याच तारेला जोडतो. या लेखात दोन साध्या मापांवरून तारेतील दोष कसा ओळखावा, वाया जाणारी शक्ती कशी काढावी आणि योग्य जाडीची तार कशी निवडावी, हे एका वाडीच्या उदाहरणाने सांगण्याचा प्रयत्न केला आहे. त्यास गुणाकार आणि भागाकार यांपलीकडील गणित लागत नाही.

एका वाडीची हकीकत

मुंबई उपनगर जिल्ह्यात शेती उरली नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके मिळून झालेल्या या जिल्ह्यात, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड अशा गजबजलेल्या वस्त्यांपासून काही मैलांवर, भाजीपाल्याच्या वाड्या अद्याप टिकून आहेत. गोरेगावच्या आरे परिसरातील आदिवासी पाड्यांवर भाजी पिकते. बोरिवली तालुक्यात खाडीपलीकडे गोराई आणि मनोरी येथे विहिरींच्या पाण्यावर वाड्या होतात. तेथील माल होडीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात येतो.

अशाच खाडीपलीकडील एका वाडीत प्रस्तुत लेखकास जाण्याचा योग आला. वाडी लहान, मुळा, पालक, लाल माठ व थोडी वांगी. वाडीचे मालक पाणी देत आणि त्यांच्या पत्नी पहाटेच्या होडीने भाजी बाजारात नेत. विहिरीवर दीड अश्वशक्तीची एकफेजी मोटार होती. ती दीड वर्षात दोनदा जळाली होती. दुसऱ्या वेळी ती भरून येईपर्यंत उन्हाचे आठ दिवस गेले आणि पालकाचे सगळे वाफे हातचे गेले. मालक म्हणाले, "साहेब, वरूनच करंट कमी येतो. त्याला आम्ही काय करणार?" मोटार भरणारा कारागीरही हेच सांगत होता.

वरून दाब कमी येतो हे काही ठिकाणी खरे असते. पण ते मापल्यावाचून समजत नाही. म्हणून परवानाधारक वायरमनास सोबत घेऊन मापे घेतली. ती पुढे दिली आहेत. मात्र त्यांचा अर्थ लागण्यासाठी प्रथम तीन शब्दांची ओळख करून घेतली पाहिजे.

दाब, प्रवाह आणि रोध

उंचावर पाण्याची टाकी आहे आणि तिला नळी जोडली आहे, अशी कल्पना करा. टाकी जितकी उंच तितका पाण्याचा जोर अधिक. विजेच्या बाबतीत या जोरास दाब म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. नळीतून एका क्षणात किती पाणी वाहते तो प्रवाह. विजेचा प्रवाह ॲम्पिअरमध्ये मोजतात. नळी अरुंद, लांब किंवा गाळाने भरलेली असली तर पाण्यास अडथळा होतो. तारेतही असाच अडथळा असतो. त्यास रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात.

या तिघांचा संबंध जर्मनीतील गेओर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. तो असा:

दाब = प्रवाह × रोध
रोध = दाब ÷ प्रवाह
प्रवाह = दाब ÷ रोध

दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला म्हणजे शक्ती मिळते. ती वॅटमध्ये मोजतात:

शक्ती = दाब × प्रवाह

एक हजार वॅट शक्ती एक तास वापरली म्हणजे बिलातील एक युनिट होते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

घरातील उदाहरण घेऊ. पाणी तापविण्याच्या कांडीवर २३० व्होल्ट व १००० वॅट असे छापलेले असते. १००० ला २३० ने भागले, की ४.३५ हा प्रवाह ॲम्पिअरमध्ये येतो. २३० ला ४.३५ ने भागले, की कांडीचा रोध सुमारे ५३ ओहम येतो. आता हीच कांडी १९४ व्होल्टवर लावली तर काय होईल? प्रवाह १९४ ÷ ५३ म्हणजे सुमारे ३.६६ ॲम्पिअर आणि शक्ती १९४ × ३.६६ म्हणजे सुमारे ७१० वॅट. दाब सोळा टक्क्यांनी कमी झाला, परंतु शक्ती एकोणतीस टक्क्यांनी घटली. याचे कारण असे की, दाब उतरला म्हणजे त्याबरोबर प्रवाहही उतरतो आणि शक्ती ही त्या दोहोंचा गुणाकार आहे. हे ध्यानात ठेवावे. मोटारीच्या बाबतीत याचा पुढे उपयोग होणार आहे.

वाडीवरील मापे

वायरमनाजवळ मल्टिमीटर होता, तसेच तार न तोडता नुसत्या चिमट्यात धरून प्रवाह दाखविणारे टाँग टेस्टर हे यंत्र होते. एवढ्यावर काम भागले. मापे पुढीलप्रमाणे आली:

मोटार बंद असताना, घरातील मीटरपाशी दाब: २३२ व्होल्ट
मोटार चालू असताना, मीटरपाशी दाब: २२८ व्होल्ट
मोटार चालू असताना, विहिरीवर मोटारीपाशी दाब: १९४ व्होल्ट
मोटारीचा प्रवाह: १० ॲम्पिअर (मोटारीच्या पट्टीवर ९ लिहिलेले)

हे आकडे नीट पाहिले, की निम्मा निकाल लागतो. मोटार चालू होताच मीटरपाशी दाब केवळ ४ व्होल्टने उतरला. म्हणजे पुरवठ्याच्या बाजूचा रोध ४ ÷ १० = ०.४ ओहम. यात गैर काही नाही. परंतु मीटर ते विहीर एवढ्या अंतरात २२८ चे १९४ झाले. ३४ व्होल्ट वाडीच्या आतच, शेतकऱ्याच्या स्वतःच्या तारेत, नाहीसे होत होते. त्या तारेचा रोध:

३४ ÷ १० = ३.४ ओहम

दोष वरचा नव्हता. तो घर आणि विहीर यांच्या मधला होता.

आता हा रोध किती असावयास हवा होता, तेही पाहू. तांब्याच्या तारेचा रोध काढण्यास पुढील रीत पुरेशी आहे. तारेची लांबी मीटरमध्ये घ्यावी, तीस ०.०१८ ने गुणावे आणि तारेच्या छेदाने, म्हणजे चौरस मिलिमीटरमध्ये दिलेल्या जाडीने, भागावे. ॲल्युमिनियमची तार असल्यास ०.०१८ ऐवजी ०.०२९ घ्यावे. येथे एक चूक सर्रास होते. विहीर घरापासून १२० मीटरवर असली तर लांबी १२० धरावयाची नाही. वीज एका तारेने जाते व दुसरीने परत येते. म्हणून एकफेजी मोटारीसाठी लांबी दुप्पट, म्हणजे २४० मीटर धरावी.

वाडीवरची तार दीड चौरस मिलिमीटरची, ज्याला दुकानात दीड एम.एम. म्हणतात ती, होती:

२४० × ०.०१८ ÷ १.५ = २.८८ ओहम

हिशेबाने २.८८, मापाने ३.४. उरलेला ०.५२ ओहम कोठला? तार तपासता तीन ठिकाणी नुसता पीळ देऊन केलेले जोड सापडले. त्यांपैकी एकाची टेप काळवंडली होती. वीज बंद करून वायरमनाने तो जोड उघडा केला आणि मोटार पुन्हा सुरू करून जोडाच्या दोन्ही अंगांस मीटर लावला. मीटरने ५ व्होल्ट दाखविले. ५ ÷ १० = ०.५ ओहम. साऱ्या चोरीचा ठावठिकाणा तेथेच लागला. ५ व्होल्ट गुणिले १० ॲम्पिअर म्हणजे ५० वॅट उष्णता त्या चिमूटभर जागेत सतत निर्माण होत होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची कांडी साधारण एवढ्याच शक्तीची असते. तिने शिसे-कथिल वितळते. मग टेप काळी पडावी यात नवल ते काय? आणि हा जोड पालकाच्या वाफ्याला लागून, पाटाच्या कडेला ओल्या मातीवर पडलेला होता.

शक्ती कोठे जाते?

तारेत वाया जाणारी शक्ती काढण्याची रीत अशी: प्रवाहास प्रवाहाने गुणावे आणि त्यास रोधाने गुणावे.

१० × १० × ३.४ = ३४० वॅट

इंग्लंडमधील जेम्स जूल याने १८४१ साली हा नियम प्रसिद्ध केला. यात प्रवाह दोनदा येतो हे विशेष. प्रवाह दुप्पट झाला, की तारेतील उष्णता चौपट होते.

या आकड्याचा पडताळा घरच्या मीटरवर घेता येतो. हल्लीच्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो. वाडीच्या मीटरवर तो ३२०० होता. घरातील इतर सर्व उपकरणे बंद ठेवून फक्त मोटार चालविली आणि घड्याळ लावून मोजले. एका मिनिटात दिवा १०६ वेळा लुकलुकला. तासाला ६३६०. त्यास ३२०० ने भागले म्हणजे १.९८८ युनिट, अर्थात १९८८ वॅट.

यातून तारेचे ३४० वॅट वजा केले असता मोटारीस १६४८ वॅट मिळत होते. जी वीज मोजली जात होती, तिच्या सहा भागांपैकी एक भाग पाण्यास हात न लावता तारेतच जळत होता.

चौकस वाचक येथे विचारतील, की मोटारीपाशी दाब १९४ आणि प्रवाह १०, तर शक्ती १९४० वॅट यावयास हवी, १६४८ कशी? याचे उत्तर असे आहे. कांडी किंवा शेगडी यांच्या बाबतीत दाब व प्रवाह यांचा सरळ गुणाकार शक्ती देतो. मोटारीत चुंबकत्व निर्माण करण्यासाठी काही प्रवाह नुसताच ये-जा करतो. त्यामुळे गुणाकारास आणखी एका अंकाने गुणावे लागते. त्यास शक्तिगुणक म्हणतात. येथे तो १६४८ ÷ १९४० = ०.८५ आला. मोटारीच्या पट्टीवर हा अंक बहुधा दिलेला असतो, नसल्यास ०.८ धरून चालावे.

कमी दाबाने मोटार का जळते?

दाब कमी तर प्रवाह कमी आणि प्रवाह कमी तर उष्णता कमी, असा कांडीचा न्याय आहे. मग कमी दाबाने मोटार जळते कशी? हा प्रश्न अनेक शेतकरी विचारतात आणि तो अगदी रास्त आहे.

फिरती मोटार आणि थांबलेली मोटार ही जणू दोन निरनिराळी यंत्रे होत. मोटार फिरू लागली, की तिच्या आत पुरवठ्याच्या दाबास विरोध करणारा उलटा दाब उत्पन्न होतो आणि तो प्रवाहास आवर घालतो. म्हणून चालत्या मोटारीचा दाब तिच्या प्रवाहाने भागून जो अंक येतो, तो तिच्या वेटोळ्याचा रोध नव्हे. वेटोळ्याचा रोध मोटार तोडून, वीज काढून, ओहममीटरनेच पाहावा लागतो आणि तो पुष्कळच कमी असतो. मोटार थांबलेली असताना हा आवर नसतो. त्यामुळे सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. तिने वेग घेतला, की एक-दोन क्षणांत प्रवाह खाली येतो.

वाडीवरची मोटार सुरू होण्याच्या क्षणी साधारण ४.५ ओहमसारखी वागते असे धरू. हा हिशेब ढोबळ आहे, परंतु वस्तुस्थिती समजण्यास पुरेसा आहे. पुरवठ्याचा ०.४, तारेचा ३.४ आणि मोटारीचा ४.५ मिळून ८.३ ओहम. २३२ ÷ ८.३ = सुमारे २८ ॲम्पिअर. मोटारीस मिळणारा दाब २८ × ४.५ = १२६ व्होल्ट. मोटारीचा सुरुवातीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १२६ ला २३० ने भागून तो अंक स्वतःशीच गुणला, की ०.३० येतो. म्हणजे मोटारीस तिच्या जोराच्या केवळ तीस टक्के जोर मिळत होता.

पंप मोकळा असेल तर एवढ्या जोरावरही मोटार रडतखडत वेग घेते. परंतु समुद्रकाठच्या विहिरीत वाळू असते. पंपाच्या पंख्यात थोडी वाळू अडकली, किंवा दिवसभर थांबलेली चकती किंचित आवळली, की मोटार जागच्या जागी घुमत राहते आणि २८ ॲम्पिअर ओढत राहते. ९ ऐवजी २८ म्हणजे प्रवाह तिपटीहून अधिक. आणि जूलच्या नियमाने वेटोळ्यातील उष्णता जवळजवळ दहापट. मालक पाटावर दारे धरण्यात गुंतलेला असतो. घुमण्याचा आवाज त्याच्या कानी पडेपर्यंत वेटोळ्यावरील वार्निश जळून गेलेले असते.

मोटार सुदैवाने सुरू झाली तरी धोका टळत नाही. पंपाला लागणारे काम तेच, आणि दाब कमी; म्हणून मोटार ते काम पुरे करण्यासाठी अधिक प्रवाह ओढते. पट्टीवर ९ आणि प्रत्यक्षात १० ॲम्पिअर दिसले, ते याचमुळे.

तार कोणती घ्यावी?

मीटरपासून मोटारीपर्यंत दाबाची घट तीन टक्क्यांच्या आत ठेवावी, हा व्यवहारात चांगला नियम आहे. २३० व्होल्टचे तीन टक्के म्हणजे ६.९ व्होल्ट. वाडीच्या १२० मीटर अंतरासाठी आणि पट्टीवरील ९ ॲम्पिअर प्रवाहासाठी तांब्याच्या तारांचा तुलनात्मक हिशेब असा:

१.५ चौ. मि.मी.: रोध २.८८ ओहम, दाबाची घट २५.९ व्होल्ट, वाया शक्ती २३३ वॅट
२.५ चौ. मि.मी.: रोध १.७३ ओहम, दाबाची घट १५.६ व्होल्ट, वाया शक्ती १४० वॅट
४ चौ. मि.मी.: रोध १.०८ ओहम, दाबाची घट ९.७ व्होल्ट, वाया शक्ती ८७ वॅट
६ चौ. मि.मी.: रोध ०.७२ ओहम, दाबाची घट ६.५ व्होल्ट, वाया शक्ती ५८ वॅट

नियमात बसणारी तार सहाची ठरते. दुकानदार 'ही दीडची तार दहा ॲम्पिअर सहज नेते' असे सांगेल आणि ते खोटे नाही. तेवढ्या प्रवाहाने ती तार वितळणार नाही. परंतु तार वितळत नाही म्हणून मोटारीस दाब पुरतो असे नव्हे. घरातील दहा मीटर अंतरास जी तार योग्य, ती विहिरीच्या अंतरास योग्य असतेच असे नाही. अंतर हाच खरा प्रश्न आहे.

राज्यात इतरत्र शेतीपंप बहुतांशी तीनफेजी, ४१५ व्होल्टचे असतात. त्यांची शक्ती काढताना दाब, प्रवाह व शक्तिगुणक यांच्या गुणाकारास १.७३ ने गुणावे. आणि दाबाची घट काढताना एकाच तारेची एकेरी लांबी धरून येणाऱ्या उत्तरास १.७३ ने गुणावे. बाकी रीत तीच.

आगगाडीच्या तारेतील हाच हिशेब

हा हिशेब विहिरीपुरताच नाही. ज्या उपनगरांत आपण वावरतो, त्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या तारा याचीच साक्ष देतात. घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरविण्यासाठी ती सुमारे एक लक्ष व्होल्ट दाबाने आणण्यात आली. तीच शक्ती कमी दाबाने आणावयाची म्हटली असती तर प्रवाह प्रचंड झाला असता आणि वीज वाटेतच तारा तापविण्यात संपली असती.

देशातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्यास धावली; १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीस पोहोचली. या गाड्यांच्या तारेतील दाब १५०० व्होल्ट होता. पुढे गाड्या लांब व वेगवान झाल्या, त्यांची संख्या वाढली आणि हा दाब अपुरा पडू लागला. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर २०१२ साली, आणि मध्य व हार्बर मार्गांवर २०१६ पर्यंत, त्याऐवजी २५,००० व्होल्ट दाब आला. समजा, एखाद्या गाडीस तीस लक्ष वॅट शक्ती लागते. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० ॲम्पिअर प्रवाह लागेल. २५,००० व्होल्टवर ढोबळमानाने १२० ॲम्पिअर पुरतील. जेथे रेल्वेला प्रवाह कमी करणे फायद्याचे ठरले, तेथे आपल्याला दाब वाढविण्याची सोय नाही. आपल्या हाती तार जाड करणे आणि जोड पक्के करणे एवढेच आहे. पण नियम दोघांना एकच.

रोधाचा हिशेब आणि जिवाची काळजी

पाटाच्या कडेला पडलेल्या त्या जोडाकडे पुन्हा वळू. मोटार जळाली तर भरून येते; माणूस गेला तर येत नाही. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध सुमारे १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला त्याच्या देहातून २३० ÷ १००० = ०.२३ ॲम्पिअर प्रवाह जाईल. मोटारीच्या दृष्टीने हा प्रवाह क्षुल्लक. मनुष्यास मात्र प्राणघातक. १६ ॲम्पिअरला तुटणारा फ्यूज किंवा स्विच एवढ्या प्रवाहाची दखलही घेत नाही.

'आमच्या मोटारीस अर्थिंग आहे' असे सांगून पुष्कळजण निर्धास्त राहतात. परंतु अर्थिंगलाही रोध असतो. वाळूची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली आणि अर्थिंगचा रोध ५० ओहम झाला, तर मोटारीच्या अंगावर वीज उतरल्यावर जमिनीत जाणारा प्रवाह २३० ÷ ५० = ४.६ ॲम्पिअर. १६ चा स्विच पडत नाही, मोटारीचे लोखंडी अंग विजेने भारलेले राहते आणि कोणाच्याही ते लक्षात येत नाही. म्हणून दोन गोष्टी आवश्यक आहेत. एक, अर्थिंगचा खड्डा ओलसर ठेवून त्याचा रोध वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, मोजून घेणे. दोन, मीटरपाशी गळती होताच वीज तोडणारा स्विच बसविणे. ०.०३ ॲम्पिअर गळतीस तुटणारा हा स्विच वरील ४.६ ॲम्पिअरला, तसेच माणसाच्या देहातून जाणाऱ्या ०.२३ ॲम्पिअरला, निमिषार्धात वीज बंद करतो.

गावोगावच्या कार्यकर्त्यांसाठी

शेतकऱ्याची मोटार वरचेवर जळते अशी तक्रार आली, की पुढील क्रमाने काम करावे.

१. चालू विजेवरील सर्व मापे परवानाधारक वायरमनाकडूनच घ्यावी. ओल्या जागेत उभे राहून, अनवाणी किंवा उघड्या तारेस हात लावून कोणीही माप घेऊ नये.

२. मोटार बंद व चालू असताना मीटरपाशी, आणि चालू असताना मोटारीपाशी, असा तीनदा दाब मोजावा. त्याच वेळी प्रवाह मोजावा. चारही आकडे तारीख व वेळ घालून वहीत लिहावे.

३. मोटार चालू असताना मीटरपाशीच दाब सातत्याने २१५ व्होल्टच्या खाली राहत असेल, तर वहीतील आकडे जोडून वीजपुरवठा करणाऱ्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. आकड्यांसह केलेल्या तक्रारीस वजन असते.

४. मीटरपाशी दाब ठीक असून मोटारीपाशी उतरत असेल, तर दोन्हींच्या वजाबाकीस प्रवाहाने भागून तारेचा रोध काढावा. तारेच्या जाडीवरून हिशेबाने येणाऱ्या रोधापेक्षा तो बराच अधिक असेल, तर जोड शोधावेत. जवळपास तेवढाच असेल, तर तार बारीक आहे असे समजावे.

५. प्रवाह पट्टीवरील आकड्याहून अधिक असताना दाब मात्र ठीक असेल, तर पंप आवळला आहे काय, बेअरिंग झिजले आहे काय, हे पाहावे.

६. मोटार भरून आणल्यावर याच मापांची पुन्हा नोंद करावी. तार न बदलता मोटार भरणे म्हणजे गळके मडके पुन्हा पुन्हा भरणे होय.

शेवटी, खाडीपलीकडील त्या वाडीचे काय झाले, ते सांगावयास हवे. मालकांनी सहाची तार घेतली. ती एकसंध, मध्ये जोड न ठेवता, जमिनीपासून उंच खांबांवरून विहिरीपर्यंत नेली. मीटरपाशी गळती तोडणारा स्विच बसविला. त्यानंतर वायरमनाने पुन्हा मापे घेतली. मोटार चालू असताना मीटरपाशी २२९, मोटारीपाशी २२२ व्होल्ट. प्रवाह ९ ॲम्पिअर. तारेचा रोध ७ ÷ ९, म्हणजे ०.७८ ओहम. मीटरचा तांबडा दिवा मिनिटास १०६ ऐवजी ९४ वेळा लुकलुकला. १९८८ वॅटचे १७६३ वॅट झाले. रोज पाच तास आणि वर्षात २४० दिवस मोटार चालली, तर वर्षाची बचत २७० युनिट होते. ज्याने त्याने आपल्या बिलातील दराने तिची किंमत करावी आणि तारेच्या किमतीशी ताडून पाहावी. त्यात मोटार भरण्याचा खर्च आणि हातचे गेलेले वाफे धरावयास विसरू नये.

मालकांनी हे सर्व आकडे मीटरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवले आहेत. महिन्यातून एकदा ते स्वतः दिव्याचे लुकलुकणे मोजतात. ९४ चे १०० झाले, तर मोटार जळण्यापूर्वीच वायरमनास बोलवावे, असा त्यांचा निश्चय आहे. शेतकरी बंधूंनो, आपल्या मीटरवरही असाच दिवा आहे. आज तो मिनिटास किती वेळा लुकलुकतो, ते मोजून वहीत लिहून ठेवा.